बत्तीस घड्याळं आणि एक पोट

तीर्थस्वरूप दादास,

उपाशी धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पोट आता आड येत नाही, म्हणून खरोखरचा साष्टांग). तब्येत विचारत नाही. वहिनी रोज कळवते. डोळ्यांचा पिवळेपणा वाढलाय आणि तोंडाचा पट्टा तसाच चालू आहे, एवढं ठाऊक आहे. माझ्या यकृताचा तुकडा तुला चालतो हे तपासण्यांत ठरलंच होतं. पण त्यावर चरबी इतकी, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिन्यांत आठ किलो उतरा, नाहीतर तुकडा घेणार नाही. (तू मात्र ‘धाकट्याला कापायचं नाही’ म्हणून हटून बसलायस. त्याकडे नंतर येतो.)

तर आता सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा, एवढंच खाणं. दुपारचं जेवण बंद. भूक म्हणजे रिकामं पोट, असं मी आजवर समजत होतो. बाई म्हणाल्या, तसं नाही. रोजची जेवायची वेळ झाली की पोट घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते मेंदूला जाऊन सांगतं, ताट वाढा. चरबीतून निघणारं लेप्टिन एरवी कोठार भरलंय म्हणून धीर देत असतं. उपासात ते घटतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा धास्तावतो. पण भुकेची लाट थोड्या वेळाने आपोआप ओसरते, तेवढी कळ काढा.

कळ काढेल तो घड्याळजी कसला? म्हटलं, पोट वेळेवर चालतं ना, मग वेळ तर माझ्याच हातात आहे. दुकानातली बत्तीसच्या बत्तीस घड्याळं दोन तास मागे केली. त्यांच्यात अकरा वाजले आणि इकडे पोटाने बरोबर एकचा ठोका दिला! (खरं घड्याळ म्हणे मेंदूत असतं, आणि ते दुरुस्तीला येत नाही.) फसला तो शेजारचा शिंपी. तो माझं भिंतीवरचं घड्याळ बघून जेवायला उठतो. बिचारा तीनपर्यंत शिवत बसला आणि भुकेच्या भरात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसला. मग डबा घेऊन थेट माझ्याकडे. "पोट केव्हाचं बोंबलतंय, पण म्हटलं पोट खोटं, तुझं घड्याळ खरं!" असं म्हणून त्याने माझ्या नाकासमोर झाकण उघडलं आणि मिटक्या मारत जेवला. माझी ओसरलेली भूक वासाने परत हजर. मी दाताखाली जीभ धरली आणि तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणला. रडूच आलं रे. भूक कुठल्या कुठे गेली.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच हट्टी,
धाकटा

ता. क. शिंप्याच्या डब्यातला एक घास खाल्ला होता. बाईंना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. नऊ किलो उतरले. काल पुन्हा तपासणी झाली, यकृत पास झालं. फक्त तुझी सही राहिली आहे.

ता. क. तिसरा. लहानपणी माझ्या ताटातलं न विचारता उचलायचास. आता मी होऊन देतोय, तर नको म्हणतोस? घे ना रे, दादा.