वाइनच्या खोलीमागची ओल

अण्णा, आज कामावरून आल्यावर तीनदा साबण लावून हात धुतले, तरी बोटांचा वास जाईना. कुजक्या लाकडाचा, ओल्या गोणपाटाचा, आणि त्याखाली काहीतरी आंबूस. पानावर बसलो, पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच उठलो. बायकोने काय झालं विचारलं, तर म्हटलं पित्त झालंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुमच्यापुढे पित्ताचं सोंग चालायचं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही जन्मभर शीतगृहं बांधलीत, बटाट्यांची, दुधाची, आइस्कँडीची. मी अलीकडे वाइनच्या खोल्या बांधतो. हसू नका. इंदिरानगरात पैसेवाल्यांच्या घरी तळमजल्यावर अशी एक खोली करतात. तिच्यात बाटल्या आडव्या निजवायच्या आणि बारा महिने तेरा डिग्रीचा थंडावा राखायचा. बुचं सुकू नयेत म्हणून हवेत थोडा दमटपणाही ठेवायचा. सागवानी फळ्या, काचेचं दार, आत पिवळा उजेड. एवढे लाड तान्ह्या बाळाचे झालेलेही मी पाहिले नाहीत. पण काम तुमचंच आहे, गारवा आत ठेवायचा आणि उकाडा बाहेर.

हे गिऱ्हाईक मूळचं पुण्याचं, आता इथे महादेवपुऱ्यात कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत मोठा साहेब. त्याच्या जिन्याशेजारच्या खोलीत बाटल्या ठेवायच्या होत्या, आणि त्या खोलीच्या भिंतीपलीकडे त्याची आई झोपते. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्या बाई इतक्या खूष झाल्या की रोज अकराला स्वतः कॉफी घेऊन यायच्या. "तुझ्या मराठीत निम्मं कानडी आहे," म्हणायच्या, "पण बोल, बोल. दिवसभर या घरात माझ्याशी बोलतं कोण?" मी त्यांना अक्का म्हणायला लागलो, तेही त्यांना आवडलं.

चूक कुठे झाली ते तुम्हाला दोन वाक्यांत कळेल. वाफ अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद आधी भिंतीला लागतो, गरम बाजूला, आणि फोमच्या लाद्या मग. मी दोन दिवस दुसऱ्या कामावर होतो, तेवढ्यात सुताराने चौकटी ठोकून त्यांत लाद्या बसवूनही टाकल्या, कागदाशिवाय. सगळं उचकटायला हवं होतं. साहेबाला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे यार, शीटच लावायचंय ना? वरून लाव. कुणाला दिसणार आहे? सॅटर्डेला माझी टीम येतेय, प्लीज मॅनेज कर." आणि मी वरून लावला. थंड बाजूला. त्यावर फळ्या ठोकल्या, शनिवारी त्याची माणसं आली, सगळ्यांनी वाहवा केली.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. आइस्कँडीच्या कारखान्यात, कॉलेज सोडून तुमच्या हाताखाली आलो त्याच वर्षी, मी हीच घाण करून ठेवली होती. आतून लावलेला कागद स्वच्छ दिसतो म्हणून. तुम्ही कोपऱ्यात हात घालून पाहिलंत, आणि सगळ्या माणसांदेखत माझ्यावर ओरडलात, "डोकं आहे का खोकं? वाफ गरमीकडून थंडीकडे धावते. तिला आत यायला दार ठेवलंस आणि पुढची वाट बंद केलीस. आता ती तिथेच पाणी होऊन बसणार, आणि भिंत आतल्या आत सडणार." तीन भिंती मला उचकटायला लावल्यात. लाद्या चिकटवायच्या डांबराने कोपर भाजलं, त्याचा डाग अजून आहे. आणि एवढ्यावर भागलं नाही. मला सोबत घेऊन मालकासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "तप्पु नम्मदु, सार." चूक आमची. आठ दिवस जास्त लागतील. परत येताना मी फुगून बसलो होतो. त्याला कळलंही नसतं, मग सांगायचं कशाला? तुम्ही वाटेत थांबून मला मसाला डोसा खाऊ घातलात.

चार महिन्यांनी साहेबाचा फोन आला, सेलरमध्ये, म्हणजे त्या वाइनच्या खोलीत, वास येतोय. गेलो तर तो नाकाला रुमाल लावून उभा. बाटल्यांना वास लागला का हे बघायला त्याने एक फोडली, ग्लासात नाक खुपसून हुंगत राहिला. भिंतीपलीकडे अक्का खोकत होत्या. तिकडे जाऊन बघितलं, तर त्यांच्या उशाशी भिंतीवर काळ्या बुरशीचे हे एवढे चट्टे, आणि पलंगाखाली वाफारा घ्यायचं पातेलं. ते पातेलं पाहून साहेबाला कारण सापडलं. "आई, हे बघ! दिवसातून दोनदा स्टीम घेतेस, ब्लाउज आत वाळत घालतेस, मग ओल येणार नाही तर काय?" मग माझ्याकडे वळला. "हो ना? यानेच ना?" अक्का माझ्याकडे बघत होत्या. ओलीमुळे खोकला आणि खोकल्यामुळे वाफारा, हे मला लख्ख कळत होतं. मी म्हणालो, "असू शकतं."

आज भिंत उघडली. लाद्या पावासारख्या भिजलेल्या, चौकटीवर पांढरी केसाळ बुरशी, तळाला काळं पाणी. पण खरं सांगू, त्या घाणीची एवढी नाही, माझीच जास्त शिसारी आली. सगळं उपसलं, भिंत वाळवायला पंखे लावले. आता कागद गरम बाजूलाच लागेल. अकराला अक्का कॉफी घेऊन आल्या. कप देताना मध्येच खोकल्याची उबळ आली. म्हणाल्या, "माझ्या वाफाऱ्यापायी तुझी सगळी मेहनत वाया गेली रे. तीन आठवडे झाले, घेतच नाही बघ आता. पातेलंही देऊन टाकलं." मी म्हटलं, "असू दे, अक्का." आणि कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

हे पत्र खरं म्हणजे तुम्हाला लिहायचं नव्हतंच. ज्यांना सांगायचं त्या इथून अर्ध्या तासावर राहतात, आणि घंटा वाजवली की दारही त्याच उघडतात. तुम्हाला लिहितोय, कारण त्या बाईंना खरं सांगितलंस का, असं तुम्ही आता विचारू शकत नाही. नाही सांगितलं, अण्णा.