शेजाऱ्याचा तांब्या दान करणारा राजा

मास्तर,

वाळक्या भोपळ्याची गदा, काथ्याची दाढी, बेगडाचे बाजूबंद, सिंहासनाचे दोन सिंह आणि तीन मुकुट, एवढं मी तुमच्यासाठी या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. औंधच्या देवळातल्या मूर्ती बघितल्या, कागद भिजवला, डिंक कालवला आणि चुकत चुकत शिकलो. यातले दोन मुकुट तुमच्या दानशूर राजाचे. त्या एका भूमिकेवर आपली सगळी कंपनी जेवत होती. तिसरा त्या प्रहसनाचा. त्यात तुम्ही त्याच राजाची थट्टा केलीत. स्वतःला तो राजा समजणारा एक भाडेकरू शेजाऱ्याचा तांब्या, शेजाऱ्याचं धोतर, शेवटी शेजाऱ्याची शेळीसुद्धा दान करून टाकतो. तुम्ही मान उंचावलीत की हा मुकुट डाव्या कानावर उतरायचा, पण पडायचा नाही. त्यासाठी आतून एकाच अंगाला शिशाची पट्टी बसवली होती. सहज म्हणून काही झालेलं नव्हतं.

लढाईचे दिवस. गॅसबत्तीला रॉकेल मिळायची मारामार, आणि लोक बोलपटाच्या तंबूकडे वळलेले. मूळ नाटकातली ती लांब स्वगतं तुमच्या दम्याला झेपेनाशी झाली, म्हणून तर तुम्ही हे प्रहसन काढलंत. सांगलीच्या पहिल्या प्रयोगाला लोक हसले, पण देवळात हसावं तसे, जपून. मग तिथल्या साप्ताहिकात परीक्षण आलं. आयुष्यभर उभा केलेला राजा मास्तरांनी स्वतःच्या हातांनी आडवा केला, असा एकूण सूर, आणि वर हेही की मुकुट धड बसवायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही. त्या वाक्यानं मला दोन घास गोड लागेनात. तुम्ही मात्र एका शब्दानं चिडला नाहीत. अंकाची घडी घालून म्हणालात, ‘‘खरं लिहिलंय रं त्यानं. आटपाडीच्या प्रयोगाचा शब्द दिलाय, तेवढा पाळू. मग पडदे विकून टाकू.’’ प्रहसन बंद म्हणजे कंपनी बंद, हे सगळ्यांना कळत होतं.

आटपाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या मुलखात तुमचा राजा रंगभूमीवर आला की लोक उठून हात जोडत, कुणी तरी नारळ आणून पुढ्यात ठेवी. त्या दिवशी तुम्ही वाकडा मुकुट घालून, तोकड्या धोतरात, शेजाऱ्याच्या दारातला तांब्या सगळ्यांदेखत उचलून आत येता, आणि सगळा मांडव हात जोडून उभा राहतो. हसू नाही, टाळी नाही. मी पडद्याआडून बघतोय. तुमचा हात मुकुटाकडे जातो. काढून ठेवता की काय, असं वाटतं. तेवढ्यात एक धनगर म्हातारी नारळ घेऊन पुढे येते, तुमच्या पायाशी ठेवते. तुम्ही हातातला तांब्या तिलाच देऊन टाकता. ती तो उलटासुलटा करून बघते.

‘‘आवं म्हाराज, ह्यो तर शेजाऱ्याचा. त्येला इचारलं का?’’

‘‘इचारून दिल्यावर ते दान कसलं, आजी?’’

मांडव असा काही फुटला की तबलजीसुद्धा ठेका विसरला. म्हातारी हसता हसता पुन्हा तुमच्या पाया पडली, आणि तिला या दोन्हींत काहीच विसंगत वाटलं नाही. मुकुट डाव्या कानावर होता, जिथे असायला हवा तिथेच. आत आल्यावर तुम्ही धापा टाकत एवढंच म्हणालात, ‘‘साताऱ्याला कळीव. खेळ घेऊन येतोय म्हणावं.’’

साताऱ्याच्या वृत्तपत्रानं पुढे भरभरून लिहिलं. ज्यानं राजा उभा केला त्यालाच त्याची अशी थट्टा साधते, असं त्यांचं म्हणणं. मुकुट ठरवून वाकडा आहे, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही नको नको म्हणत पूर्ण ऐकलंत. त्यानंतर तुम्ही जेवढे दिवस होतात, तेवढे दिवस कंपनी चालली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहितो. सांगलीचं परीक्षण आलं त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस मला भेटून गेला होता. आटपाडी झाल्यावर कळवतो, असं मी त्याला सांगितलं होतं. आटपाडीच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हणून कळवलं. तुम्हाला कधी बोललो नाही. कायमची नोकरी होती, दरमहा दीडशे रुपये.