बोटाला चिकटलेला गूळ

माय, काल नातीनं माझ्या तळहातावर चॉकलेट ठेवलं आणि तू आठवलीस. तुझ्या वेळी, निजामाच्या राज्यात, आपल्या गावाला ही चीज ठाऊकच नव्हती. नात डॉक्टरकी शिकते. पाळी आली की तिला चॉकलेटची तलफ येते, आपल्या गड्याला, बाजीरावाला, तंबाखूची यायची तशी. मी विचारलं, एवढं काय असतं गं त्यात? मग तिनं माझी शाळाच घेतली. कुणी म्हणतं, त्या दिवसांत अंगात कसलंसं खनिज कमी पडतं आणि ते यात असतं. पण ते शेंगदाण्यातही असतं, मग शेंगदाण्यासाठी कुणाचा जीव का तळमळत नाही? गोड आणि तुपकट एकत्र आलं की मेंदू खूश होतो, हे खरं. त्यात हे तोंडाच्या उबेनं विरघळतं. शिवाय दुखण्याखुपण्यात जे एकदा सुख देऊन गेलं, ते मेंदू विसरत नाही. पुन्हा तसंच वाटलं की तेच मागतो. "आज्जे, अर्धी तलफ अंगाची नसतीच, आठवणीची असती," म्हणाली. तोवर चॉकलेट पातळ होऊन माझ्या बोटाला चिकटलं होतं.

आणि मी पुन्हा पोर होऊन आपल्या गोठ्याशेजारच्या ओसरीत गोणपाटावर बसले आहे. नुकतंच न्हाण आलंय, लग्न झालंय, पण सासरी अजून धाडलेलं नाही. महिन्यातले ते दिवस मला कुणी शिवायचं नाही. आजीचा वचकच तसा. माझी सावली चुलीकडे गेली तरी तिच्या कपाळाला आठी. कंबर दुखायची त्याचं काही नव्हतं गं. तू समोरून घागर घेऊन जायचीस आणि तुला हात लावायचा नाही, याचं रडू यायचं. त्या दिवसांत मला गूळ लागायचा, दुसरं काही नको. दिवेलागणीला तू यायचीस, हात उंच धरून पदरात खडा टाकायचीस आणि वळायचीस.

एकदा श्रावणात युसूफ वडगावच्या बाजारातून आणलेली ढेप पाझरली होती. तू खडा टाकायला गेलीस तर तो बोटालाच चिकटला. तू हात झटकलास, तरी सुटेना. तू दाराकडे पाहिलंस, खाली वाकलीस आणि ते बोट माझ्या तोंडात घातलंस. "खाय गप," एवढंच बोललीस. दुसरा हात माझ्या डोक्यावर होता. मग परसात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस. आजीनं आतून विचारलं, "आता कावून गं आंघूळ?" तू शांतपणे सांगितलंस, म्हशीनं शेपूट मारलं, शेण उडालं. त्यानंतर आपली म्हैस लईच शेपूट मारायला लागली.

तू गेलीस तेव्हा मी सासरी होते. निरोप आला, मी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. तुला हात लावायचा राहिला तो राहिलाच. पाळी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. म्हणजे गुळाची ओढही जायला हवी होती, नाही का? पण लग्नाच्या मांडवात मला मानानं बाजूच्या खुर्चीवर बसवतात, पोरीबाळी समोरून लगबगीनं जातात, आणि माझी जीभ गूळ मागायला लागते. सून म्हणते, साखर वाढेल. वाढू दे.

हे नातीला सांगितलं नाही. गोड खायची खोड आहे म्हणाले आणि बोट चाटून टाकलं. हे पत्र तुला तरी कुठल्या पत्त्यावर धाडू? फळीवर गुळाच्या डब्याखाली ठेवून देते. एक मात्र सांगते. पौषात गूळ पाझरत नाही, दगड होतो. तरी तुझ्या बोटाला तो चिकटलेलाच असायचा, आणि त्याला चुलीची ऊब असायची. थंडीनं कुडकुडत तू परसात पाणी घ्यायचीस तेही ऐकू यायचं. मला तेव्हाच सगळं कळलं होतं, माय. बोलले असते तर तू थांबली असतीस, म्हणून बोलले नाही.