व्हॉल्व्ह अंगणात नाही

बाबा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून प्रज्वल लिहितो.

इकडे नाशिकात मी बरा आहे. गॅरेजात काम आहे, जेवण वेळेवर मिळते. कॉलेजचं आत्ताच विचारू नका. आईचा गुडघा कसा आहे?

ताई फोनवर म्हणाली, "बाबा रोज लोहचुंबक घेऊन अंगणात फिरून राह्यले. ट्रॅक्टरचा डिझेल पंप खोलताना आतला व्हॉल्व्ह माह्याच हातून पडला म्हणतात."

बाबा, तुमच्या हातून काही पडलं नाही. तो आधीच मी काढून नेला होता.

बागेत चालवायचा तो जुना छोटा ट्रॅक्टर आपण दोघांनी भंगारातून आणून दोन वर्षं खपून उभा केला. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मले मंजुषा आवडायची. त्याच्याच ट्रॉलीत तिच्या लग्नाचं रुखवत जाणार, हे मले सहनच झालं नाही. रुखवत शेवटी टेम्पोत गेलं. लग्नही झालं.

व्हॉल्व्ह या पाकिटात आहे. डिझेलनं धुऊन बसवा, मग पंपातली हवा काढा. मले शिव्या द्यायच्या तर द्या, पण आता अंगणात वाकू नका.

इंजिन चालू झालं की फोन लावा. बोलू नका. फोन फक्त इंजिनाजवळ धरा.

तुमचा रागीट पोरगा,
प्रज्वल