पहाटेपासून उपाशी

मंगळवार, दिवेलागण

बीबी गावाहून आणलेल्या तीन महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. मग मीच का अशी अस्वस्थ?

भुलीसाठी ते पहाटेपासून उपाशी होतं. त्याच्या आईकडून घेऊन थिएटरकडे निघाले, तर माझ्याच छातीशी तोंड घासायला लागलं. मागून आई म्हणाली, "सिस्टर, त्याले लई भूक लागून राह्यली वो." मी वळले नाही. टेबलाशी पोचेपर्यंत मलाच पान्हा फुटला. हिरव्या गाऊनखाली भिजलेली मी, सर्जनच्या हातात चिमटे देत उभी.

पाजायचं नव्हतंच, माहीत आहे!

घरात शिरताच सासूबाई म्हणाल्या, "पोरीले घे आधी." पोरीनंही तसंच तोंड घासलं. पोटभर पिऊन झोपलीय आता.

मला वाटतंय, मी त्या बाळाच्या वाट्याचं काहीतरी घरी घेऊन आले.