अर्धा कोयता

बीड, २ डिसेंबर २०२४, सोमवार

नोकरी लागली. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी वर्षभर कोरी पडली होती, आज तिचंही नशीब उघडलं.

सकाळी आष्टीहून एसटीने आले. बॅगेत चार ड्रेस, शेंगदाण्याची चटणी आणि आईचा जुना कोयता. शेजारच्या बाईला तो दिसला, तिने विचारलं शहरात कोयता कशाला. मी म्हटलं, नारळ फोडायला. खरं म्हणजे आई गेल्या महिन्यात टोळीबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात गेली, नवा कोयता घेऊन. घराला कुलूप लावताना जुना एकटा आत ठेवायला माझं मन होईना.

ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागे एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर दोन खोल्या. मालक सोमेश्वर, युसूफ वडगावचा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याने एकट्याने भुताचा एक कॉम्प्युटर गेम बनवलाय, नाव 'हजेरी'. चाळीस मिनिटांत संपतो आणि मुद्दाम तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखा दिसतो. झाडं चौकोनी, माणसं चौकोनी, तोंडाच्या जागी दोन ठिपके. जगभरचे लोक तो खेळतात आणि खाली आपलं मत लिहितात. ती मतं मी वाचायची, सोमेश्वरला मराठीत सांगायची आणि उत्तरं द्यायची. माझ्या बीए इंग्लिशचा असा उपयोग होईल हे आमच्या प्राचार्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवसांत दोनशे बारा मतं वाचली. पोलंडचा एक जण विचारतो, ऊस हा बांबूचाच प्रकार आहे का. एकाला गेम फार आखूड वाटला, दुसरा म्हणतो आखूड आहे म्हणूनच रात्रभर डोक्यातून गेला नाही. ब्राझीलच्या एका बाईला उसाच्या पाल्याचा आवाज एवढा आवडला की ती तो लावून झोपते. आमच्याकडे ये म्हणावं, सहा महिने फुकट ऐक.

एकाने लिहिलं, माणसांना तोंडं न काढणं हा निव्वळ आळस आहे. मी उत्तर दिलं की पहाटे ट्रॉलीत डोक्यावरून फडकं घेऊन बसलेल्या माणसांना तोंड नसतंच, खात्री करायची तर जानेवारीत या. सोमेश्वर म्हणाला गिऱ्हाइकाशी भांडू नको. मी म्हटलं, मग दुसरी कुणी बघा.

गेम असा आहे. खेळणारा म्हणजे मुकादम. पहाट, धुकं, फडाच्या कडेला उभी ट्रॉली. वहीतलं एकेक नाव पडद्यावर येतं, खाली दोन चौकोन, 'हाय' आणि 'न्हाई'. जो ट्रॉलीत नसेल त्याला उसात शिरून शोधून आणायचं. मोजणी कोयत्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा. टोळी साडेदहा कोयत्यांची. दहा सापडतात. अर्ध्याचं नाव वहीत कोरंच असतं आणि तो कधीच सापडत नाही. ट्रॉली निघते, एक जागा रिकामी, आणि मागून उसातून कुणीतरी पळत येताना दिसतं. तिथे गेम संपतो.

बाबा गेल्यापासून माझी आई अर्धा कोयता आहे. हे मी सोमेश्वरला सांगितलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आज पहिल्यांदा स्वतः खेळले. गेम न खेळता लोकांना उत्तरं देतेस म्हणजे न जेवता स्वयंपाकाला नावं ठेवण्यासारखं आहे, असं सोमेश्वर म्हणाला. बरोबर बोलला, म्हणून चिडले नाही.

दहा कोयते सापडले. मग अर्ध्याचं नाव आलं, आणि ते कोरं नव्हतं. चंद्रभागा आसाराम. माझ्या आईचं नाव. हसू आलं. नोकरीच्या फॉर्मवर आईचं नाव लिहिलं होतं, तिथून याने उचललं असणार.

आणि माझं बोट आपोआप 'हाय'वर गेलं. ट्रॉलीत बघितलंसुद्धा नाही. टोळीत ही रीतच आहे. कुणी पाण्याला गेलं, कुणी लेकराला घेत असलं, तर शेजारचा त्याच्या नावाला हाय म्हणतो, नाहीतर गैरहजेरी लागते. सात वर्षांची असताना मी घोगरा आवाज काढून आईच्या नावाला हाय म्हणायचे. मुकादमाला कळायचं, तो हसून पुढचं नाव घ्यायचा. पुढे दोन हंगाम मीही ऊस तोडला. तेव्हा मी डुलक्या घेत असले की आई माझ्या नावाला हाय म्हणायची.

ट्रॉली भरून निघाली. मागून कुणी पळत आलं नाही. माझ्यासाठी शेवटही निराळा ठेवलाय तर.

९ डिसेंबर, सोमवार

सोमेश्वरला म्हटलं, गंमत छान होती. त्याला काही कळेना. फॉर्म त्याने वाचलेलाच नाही. मी कावून कुनाच्या मायचं नाव टाकू, म्हणाला, आणि फाइल उघडून दाखवली. अर्ध्याची जागा कोरी होती.

मग मतं उघडली. शनिवारपासूनची सव्वीस, सगळी खूश. नवा शेवट आवडला. रिकाम्या जागेवर आता एक बाई पाठमोरी बसते. पिवळं लुगडं, वरून पुरुषाचा शर्ट. एकाने खास कौतुक केलंय की डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर तुटलेलं दाखवलं, एवढं बारीक काम अशा चौकोनी गेममध्ये कुणी करत नाही.

सोमेश्वर म्हणतो त्याच्या माणसांना बोटंच नाहीत. आईचं ते पेर मी तिसरीत असताना कोयत्याखाली गेलं.

तिकडे आईच्या कोपीशेजारच्या झोपडीत वत्सलाबाई राहतात, आमच्याच गावच्या. फोन त्यांच्याकडेच असतो. त्यांना लावला. तुजी माय शनवारपसून बोलतच न्हाई बग, म्हणाल्या, काम करती पन हाक मारली तर ओ देईना, लई थकली आसंल. हजेरीलाही गप्प असते. मुकादम तिच्यावरून नजर फिरवतो, जशी काही ती तिथे नाहीच. मग वत्सलाबाईच तिच्या नावाला हाय म्हणतात.

मी आईला फोन द्या म्हटलं. पलीकडून नुसता पाल्याचा आवाज आला.

११ डिसेंबर, बुधवार

बाईने तोंड वळवलं. सगळ्या मतांत तेच. अख्ख्या गेममध्ये एकटीला पुरतं तोंड आहे, आणि ती खेळणाऱ्याकडे बघते. कॅनडाच्या एकाने आवाज मोठा करून ऐकलं. ती एकच शब्द म्हणते, तो त्याने इंग्रजी अक्षरांत लिहून अर्थ विचारलाय.

नंदे. माझ्या राजनंदिनी नावाचं नंदे फक्त आई करते.

सोमेश्वरशी कडाक्याचं भांडण. चार वर्षांत आत्ता कुठे लोक त्याचं नाव घ्यायला लागलेत, म्हणून तो गेम काढेना. मी ते मत त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. तो खाली बसला. दुपारी बारा वाजता त्याने गेम विक्रीतून काढला.

एक वाजता नऊ नवी मतं आली.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दहाला आई मोळी बांधायला उसात शिरली, ती बाहेर आलीच नाही. वत्सलाबाई फोनवर रडत होत्या. कोयता जमिनीत उभा रुतलेला सापडला. चार सऱ्यांचा ऊस उरला होता, तोही टोळीने भराभर तोडून टाकला. आत कुणी नाही.

मी खूप घाबरले आहे. पण बसून रडणाऱ्यांतली मी नाही. मतं वाचणं हे माझं काम आहे, ते मी करणार. एकशे चाळीस वाचली. त्यातलं एक कामाचं निघालं.

चिलीचा एक जण लिहितो, बाईचं नाव आल्यावर त्याने 'न्हाई' दाबलं. तेव्हा गेमने विचारलं, मग हजेरी कुणी दिली? खाली कोरी ओळ. त्याने स्वतःचं नाव लिहिलं, मुकादम लिहिलं, काहीच चालत नाही. खाली तिसेक जणांनी आणखी तिसेक नावं सुचवलीत. एकाने लिहिलं, हे कोडं सुटण्यासारखं नाही, गेमला एक तारा कमी.

सुटण्यासारखं आहे. टोळीत खोटी हजेरी पकडली गेली की ज्याने दिली त्याने पुढे यायचं आणि जिच्या नावाला दिली तिच्या जागी बसायचं. तिच्या वाट्याचा ऊस त्याने तोडायचा.

१३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी साडेदहा

सोमेश्वर नको म्हणतो. गेम माझा, पाप माझं, म्हणून आधी त्याने स्वतःचं नाव लिहिलं. चाललं नाही. मग कावून आलीस तू इथं, म्हणून रडला. त्याला खाली चहा आणायला पाठवलं.

भिंतीवर लख्ख ऊन आहे. खाली पोरं रसायनशास्त्र घोकतायत. कोयता टेबलावर काढून ठेवलाय.

ज्याने कुणी हे मांडलंय त्याला वाटत असेल पोरगी पळून जाईल. चौदाव्या वर्षी थंडीत, दवाने भिजलेला ऊस तोडलाय मी. माझी आई दे.

१०.५०

'न्हाई' दाबलं. ओळ आली. राजनंदिनी आसाराम. चाललं.

लगेच वत्सलाबाईंचा फोन. आई मोकळ्या रानातून चालत आली, पाणी मागितलं. तिला फोन दिला. जेवलीस का, म्हणाली. जेवले म्हटलं. तिने अजून काही विचारायच्या आत मीच ठेवला, आवाज फुटला असता.

आली. माझी आई आली.

११.०५

पडद्यावर आई नाही. तिच्या जागी माझा निळा ड्रेस.

सोमेश्वर चहा घेऊन दारात उभा आहे. माझ्या खुर्चीकडे बघतोय आणि हाका मारतोय. मी ओ दिली. त्याला ऐकू नाही —

बोटांना कडा आल्यात. पेन धरता येतं अजून. अक्षर —

—

धुकं. पाल्याचा आवाज. ब्राझीलची बाई खोटं बोलत होती, याने झोप लागत नाही.

कोयता आलाय बरोबर. बरं झालं.

दहा कोयत्यांची झाली. आता मुकादम माझं नाव घेतोय. मी गप्प. हजेरी पुरी झाल्याशिवाय ट्रॉली हलत नाही, मला माहीत आहे. घे म्हणावं नाव. हंगाम संपेस्तोवर घे. ट्रॉली इथेच —

परत घेतलं. मी गप्पच.

मोठ्याने घेतोय आता. लांब ऐकू जाईल असं —

सोमेश्वर. हे वाचलंस तर आईकडे जा. तिच्यासमोर गेम उघडू नको. तिला सांग, माझं नाव कानावर आलं तर तोंड उघडायचं नाही. ती ऐकणार नाही. झोपेतसुद्धा माझ्या नावाला हाय म्हणायची तिला सव —