डेबऱ्या काठ्या

४ डिसेंबर
धान निघालं, शेतातल्या बांध्या रिकाम्या. दुपारी पोती वाळत घालायला माझ्या बियाण्यांच्या दुकानाच्या गच्चीवर गेले, तर मागच्या बांधीत आमचे विलासराव. हातात छत्री. पाऊस नाही, धड ऊनही नाही. छत्री उलटी धरून मुठीनं ढेकळं उडवणं चाललेलं. एक ढेकूळ कडेच्या धुऱ्यावरून थेट बोडीच्या पाण्यात पडलं. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही, आणि हसले.
तुमसरच्या राइस मिलमधली चौकीदारी सुटल्यापासून हे हसणं पाहिलं नव्हतं. खाट आणि मोबाइल, मोबाइल आणि खाट. मी गुपचूप खाली आले.

५ डिसेंबर
"काल काय करून राहिले होते जी बांधीत?"
"काई नाई."
मग भाजी वाढताना आपणहून, "गोल्फ."
फौजेत असताना साहेबांच्या मैदानाचं गवत राखायची ड्यूटी होती, साहेबांनी टाकलेल्या काठ्यांवर खेळ शिकले, असं लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. मला वाटायचं फौजी गप्पा. नागपूरचे धुर्वे भाऊजी, ह्यांच्याच पलटणीतले, नेहमी फोन करतात, इकडे मैदान आहे, ये खेळायला. ह्यांचं ठरलेलं उत्तर, काठ्या नाहीत.
ठीक. काठ्या घ्यायच्या. ह्यांना सांगायचं नाही. सांगितलं की "कायले पैसे घालवून राहिली" सुरू.

७ डिसेंबर
धुर्वे भाऊजींना फोन. आधी पोट धरून हसले, मग मुद्द्यावर आले.
"वहिनी, चौदा काठ्यांचा चकचकीत सेट नोका घेऊ. सहा-सात पुरे. दुकानवाला ड्रायव्हर म्हणून सगळ्यात मोठी काठी गळ्यात मारन, ते मंग पाहू."
लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, तीन-चार लोखंडी, चेंडू उचलायला एक वेज, खड्ड्यात ढकलायला एक पटर. लोखंडीची पाठ पोकळ हवी, म्हणजे चेंडू थोडा वाकडा लागला तरी सांभाळून घेते. दांडी ग्राफाइटची, नरम. "तो आता पंचविशीतला जवान थोडीच हाये?" वापरलेल्या घेतल्या तरी चालतील, पण पाहून.
ह्यात मला नवीन काय. दुकानात रोज हेच करते. जो तो जाहिरातीतलं वाण मागतो, मी विचारते जमीन कोणती, पाणी किती. जमीन पाहून वाण. इथं जमीन म्हणजे विलासराव.

१० डिसेंबर
नागपुरात वापरलेले सेट विकणारं एक दुकान सापडलं. मालकानं विचारलं, उजवा की डावा?
बरं झालं विचारलं. आमचा माणूस पक्का डेबरा. जेवण तेवढं उजव्या हातानं, तेही सासूबाईंनी लहानपणी हातावर चापट्या मारून शिकवलेलं. बाकी सगळं डाव्यानं. विळासुद्धा लोहाराकडून वेगळा करून आणतात, धार उलट्या अंगाला. नवी नवरी असताना तो विळा घेऊन मी धान कापायला बसले होते, धान कापेना आणि बायका हसून हसून लोळल्या. तेव्हापासून ह्यांच्यासाठी काही घ्यायचं तर आधी हात आठवायचा.
मालक म्हणाला, डावा सेट क्वचितच येतो, सध्या एकच आहे. नशीब लागतं!

१३ डिसेंबर
व्हिडिओ कॉलवर एकेक काठी दाखवायला लावली. "कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळते का?" मालक दमला. एकीची मूठ तडकलेली होती, ती बदलून घेतली. तोंड घासून गुळगुळीत झालेली वेज परत ठेवायला लावली, दुसरी काढली. माझी पैशांची हद्द आधीच सांगून टाकली होती, त्याच्या आत बसवलं. पसंत पडलं नाही तर २६ तारखेपर्यंत परत, पण त्याच खोक्यात. लांबडा खोका आहे, दुसरा मिळायचा नाही.
धुर्वे भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी तर व्यापारी निघाल्या." निघाले कशाची, आहेच.

१७ डिसेंबर
खोका आला. विलासराव खाटेवरून उठले. खरंच उठले. विळ्यानं पट्टी कापली, एक काठी काढली, हातात फिरवली. चेहरा असा झाला की काय सांगू. मग तोच चेहरा हळूहळू उतरला.
"हे तं डेबऱ्या काठ्या हायेत वो."
"मंग? तुमी डेबरेच नाई का?"
"गोल्फ मी उजव्यानंच खेळलो. साहेबाइच्या टाकलेल्या काठ्या साऱ्या उजव्या. डेबऱ्या तिथं होत्या कोठी?"
रागावले नाहीत. उलट म्हणाले, "तुनं चांगलं पाहून घेतलं." खोका नीट बंद केला, भिंतीला लावला आणि खाटेवर गेले.
मी दुकानाच्या गोदामात जाऊन रडले. पैसा परत येईल. तो मघाचा चेहरा परत येईल का, त्याची भीती वाटली.

१९ डिसेंबर
खोका तिथंच. परत पाठवायचा म्हणजे पुन्हा "काठ्या नाहीत", पुन्हा खाट. उजवा सेट माझ्या हद्दीत त्या दुकानात नाही, विचारून झालं.
लाल कोंबडी खुडूक झाली आहे. अंडी उबवायला जागा शोधत घरभर फिरते, दिसेल त्या टोपल्यात शिरते. हाकलून हाकलून दमले.

२१ डिसेंबर
सकाळी चहा पिताना सुचलं. आधी का नाही सुचलं!
छत्री आणून पुढं धरली. "त्या दिवशी ढेकळं कोणत्या अंगानं मारून राहिले होते?"
"ध्यान नाई."
"मंग मारून दाखवा."
अंगणात उभे राहिले, उजव्या बाजूनं. थांबले. पाय हलवले, पुन्हा थांबले. मग सगळेच्या सगळे दुसरीकडे वळले आणि मारलं. ढेकूळ कुंपणापार. डाव्या अंगानं!
"छत्रीले डावं-उजवं रायते काय?" मी म्हटलं. "तिथं जे मिळालं तसे खेळले. इथं कोणता साहेब बसला हाये?"
छत्रीकडे पाहत राहिले.

२३ डिसेंबर
बांधीत गेले, एक लोखंडी काठी घेऊन. धुर्वे भाऊजींनी जुने चेंडू पाठवले आहेत. मी धुऱ्यावर बसले, दुकान गेलं उडत.
पहिला फटका मातीत. दुसरा हवेत. तिसऱ्यानं धसकटं उडाली, चेंडू जागेवर. "पयल्या दिवसाचा रंगरूट झालो," असं म्हणाले आणि घाम पुसला. मला वाटलं, आता घरी जातील. गेले नाहीत. बऱ्याच वेळानं एक लागला. आवाजच वेगळा, चिंच मोडल्यासारखा. चेंडू बोडीत गेला तो गेलाच.
"पोकळ पाठीची हाये ना, म्हणून सांभाळलं," असं मला समजावून सांगत होते. मला! ऐकून घेतलं.

२५ डिसेंबर
उद्या मुदत संपते. "सकाळी नागपूरले माल आणाले गाडी जाते. खोका बांधू काय?"
"पाहू."
धुर्वे भाऊजींचा फोन आला तेव्हाही "पाहू". पण "काठ्या नाहीत" म्हणाले नाहीत. कान देऊन होते मी.

२६ डिसेंबर
गाडीवाला दारात हॉर्न वाजवतो आहे आणि खोका जागेवर नाही. काठ्या कोपऱ्यात उभ्या. पडवीत जाऊन पाहते तो काय, खोका मधोमध कापलेला. त्यात धानाचं तणीस, तणसावर अंडी आणि अंड्यांवर लाल कोंबडी बसलेली. शेजारी डेबरा विळा.
"हे काहून केलं जी? आता परत कशा करायच्या काठ्या?"
विलासराव चपला घालत होते. एका हातात पटर, दुसऱ्या हातात छत्री.
"कोंबडी बसली हाये वो," ते म्हणाले. "पिल्लं निघाल्याबिगर कसा हालवू खोका?"
गाडी रिकामी पाठवली. हे नागपूरला खेळायला जाणार का, विचारलं नाही.